गावात बसून सिंगल माल्टची पारख : हुंगण्याची, चाखण्याची आणि गुण देण्याची पद्धत

एखाद्या सिंगल माल्ट व्हिस्कीला दिलेले गुण भरवशाचे आहेत की नाहीत, हे ओळखण्याची कसोटी एकच आहे. तीच व्हिस्की काही महिन्यांनी, बाटली न पाहता, पुन्हा चाखल्यावर गुण साधारण तेवढेच आले पाहिजेत. हे साधायचे तर जागा, तापमान, पाणी आणि पेला या चार गोष्टी दर वेळी सारख्या ठेवाव्या लागतात, आणि नोंदवहीत लिहिलेले शब्द स्वतःच्या ओळखीच्या वासांचे असावे लागतात. युरोपात लिहिली गेलेली मार्गदर्शने खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास असल्याचे आणि वाचकाला हीदरची फुले व गूजबेरी ठाऊक असल्याचे गृहीत धरतात. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील किंवा यवतमाळ-वाशीमच्या कापूस-तुरीच्या गावातील माणसाला त्या गृहीतकांचा उपयोग होत नाही. पुढील पद्धत अशा वाचकासाठी लिहिली आहे.

सर्वांत आधी कायद्याचे पाहावे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे, त्यामुळे तेथे अशी बैठक भरवता येत नाही आणि तेथे बाटली नेताही येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील बंदी २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि मद्यसेवनाचा परवाना आवश्यक आहे; तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन काढता येतो. खेड्यातील बैठकीत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे परतीचा रस्ता. मोटारसायकलने आलेल्या माणसाच्या मुक्कामाची सोय आधी करावी, अन्यथा त्याला बोलावू नये. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मि.ग्रॅ. अल्कोहोल इतकी कमी आहे, आणि रात्रीच्या अंधारात, रस्त्यात बसलेल्या ढोरांमधून गाडी चालवताना त्याहून कमी मात्राही घातक ठरू शकते. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि ज्यांच्या औषधांना मद्य चालत नाही, अशांसाठी हा छंद नाही.

कोणती बाटली, आणि कोणती आधी

स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमांनुसार सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे एकाच कारखान्यात, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये (तांब्याच्या हंड्यासारख्या भट्टीत) गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरवलेली व्हिस्की. बाटलीत भरताना तिच्यात किमान ४० टक्के अल्कोहोल असावे लागते. ‘सिंगल’ हा शब्द कारखान्यापुरता आहे. एका बाटलीत त्या कारखान्यातील अनेक पिंपे मिसळलेली असू शकतात, आणि लेबलवरील वय हे त्यातील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते.

वयाचा आकडा पाहून मनात गुण ठरवण्याची सवय मोडावी. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातील द्रव दर वर्षी सुमारे २ टक्के उडून जातो. बंगळूरच्या हवेत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. उष्णतेमुळे लाकडातील रंग, तुरटपणा आणि व्हॅनिलाचा गंधही झपाट्याने उतरतो. त्यामुळे बंगळूरची अमृत, गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशातील रामपूर किंवा हरियाणातील इंद्री यांच्या बहुतेक बाटल्यांवर वय लिहिलेले नसते, आणि लिहिलेले असले तरी त्याची तुलना १२ वर्षांच्या स्कॉचशी थेट करता येत नाही. लेबलवर अधिक उपयोगी माहिती आहे ती टक्केवारीची आणि पिंपाच्या प्रकाराची. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की मुरवलेल्या अमेरिकन ओकच्या पिंपातून व्हॅनिला व खोबऱ्याचा गंध येतो, शेरी ही स्पॅनिश वाइन मुरवलेल्या पिंपातून मनुका, खजूर, अक्रोड आणि काकवीकडे झुकणारा गोडवा येतो. पीटच्या, म्हणजे दलदलीतील जळाऊ मातीच्या, धुरात सुकवलेल्या बार्लीतून धूर येतो. धुराचे आकडे, उदाहरणार्थ आर्डबेग या स्कॉचचे सुमारे ५५ भाग प्रतिदशलक्ष, हे मोड आणलेल्या बार्लीतील फिनॉलचे, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्यांचे, असतात. गाळताना त्यातील मोठा भाग मागे राहतो, म्हणून त्या आकड्यावरून पेल्यातील धूर मोजू नये.

एका बैठकीत चारांहून अधिक व्हिस्की ठेवू नयेत आणि प्रत्येकीचे माप १५ मि.ली. असावे. ४६ टक्क्यांच्या चार मापांत सुमारे २८ मि.ली. शुद्ध अल्कोहोल होते आणि सगळे गिळले तर चौथ्या पेल्याला न्याय मिळत नाही, म्हणून पिकदाणी जवळ ठेवून बहुतेक घोट थुंकावेत. व्यवसायाने चाखणारे हेच करतात. क्रम सौम्याकडून तीव्राकडे आणि धूर सर्वांत शेवटी असा असावा. सुरुवातीसाठी चांगला संच असा : स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील १२ वर्षांची ग्लेनफिडिक, मग पॉल जॉनची ४६ टक्क्यांची ब्रिलियन्स, तिच्यानंतर शेरीच्या पिंपातील ग्लेनड्रोनॅक १२, आणि अखेरीस आर्डबेग १०. या चौघींत बर्बन पिंप, भारतीय उष्णता, शेरी आणि धूर या चारही दिशा येतात. चौघांनी मिळून घेतल्यास खर्चही विभागला जातो. बाटल्या नेहमी परवानाधारक दुकानातूनच घ्याव्यात आणि झाकणावरील शिक्का नीट पाहावा.

उष्मा, पाणी, पेला आणि तोंड

विदर्भात पारखीतील सर्वांत मोठा दोष तापमानातून येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पेल्यातून अल्कोहोलची वाफ इतक्या जोराने उठते, की नाक बधिर होते आणि उत्तम व्हिस्कीही केवळ जळजळीत वाटते. द्रवाचे तापमान १८ ते २२ अंश असावे. कार्तिकापासून माघापर्यंतच्या संध्याकाळी हे आपोआप साधते, म्हणून गुण देण्याच्या महत्त्वाच्या बैठका त्याच महिन्यांत घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यातच चाखायचे असेल तर व्हिस्की लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून तिला ओले सुती फडके गुंडाळावे आणि वारा लागेल अशा ठिकाणी तास-दीड तास ठेवावे. हवा कोरडी असल्यामुळे ओल्या फडक्याने बाटली चांगली निवते. फ्रीजमधून काढलेली बाटली मात्र पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवल्याशिवाय ओतू नये, कारण थंड व्हिस्कीचा गंध मिटलेला असतो. बर्फ तर पारखीच्या वेळी वर्ज्यच समजावा. साधा स्वयंपाकाचा किंवा दुधाचा तापमापक जवळ ठेवून प्रत्येक नोंदीत अंश लिहिल्यास पुढे फार उपयोग होतो.

कूलर चालू ठेवून चाखू नये. ओल्या गवताचा किंवा वाळ्याचा वास खोलीभर भरतो आणि प्रत्येक व्हिस्कीत तोच गवती वास सापडू लागतो. खोली आधी गार करून घ्यावी आणि बैठकीच्या अर्धा तास आधी कूलर बंद करावा. उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणी, फवारणीची औषधे ठेवलेली कोठी, या सगळ्यांपासून लांब बसावे. आलेल्यांनी अत्तर लावू नये हेही आधी सांगून ठेवावे.

पाण्याचा प्रश्न येथे वेगळाच आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते, आणि अन्यत्रही अनेक गावांत ते जड असते. अशा पाण्याचे चार थेंबही व्हिस्कीची चव बदलतात, आणि मग आपण व्हिस्कीऐवजी पाण्यालाच गुण देतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते, तिचा वास तर धुराच्या व्हिस्कीतील औषधी वासाशी सहज गोंधळतो. म्हणून पेल्यात घालायला आणि चूळ भरायला एकच, कमी क्षारांचे पाणी ठरवावे. आरओचे किंवा पॅकबंद चालेल, पण वर्षभर तेच वापरावे.

पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद असावा, म्हणजे वाफ एकवटते. २००१ मध्ये बाजारात आलेला ग्लेनकेर्न याच कामासाठी घडवला आहे. तो न मिळाल्यास वाइनचा लहान, ट्यूलिपच्या आकाराचा पेला घ्यावा. सर्व पेले एकसारखे असावेत. वासाच्या साबणाने घासू नयेत, गरम पाण्याने विसळून उभेच वाळू द्यावेत. ओतण्यापूर्वी प्रत्येक रिकामा पेला हुंगावा, कारण कपाटातील लाकडाचा आणि डांबरगोळ्यांचा वास काचेत दडून बसतो.

तोंडाची तयारी दुपारपासून सुरू होते. सावजी रस्सा, तर्रीपोहे, ठेचा किंवा भिवापुरी मिरचीचे काहीही खाल्ल्यावर किमान चार तास जाऊ द्यावेत, कारण तिखटाने जिभेला आलेली जळजळ अल्कोहोलच्या जळजळीत मिसळते. खर्रा खाणाऱ्याने त्या दिवशी खर्रा खाऊच नये. तंबाखू, सुपारी आणि चुना यांनी गालाची आतली त्वचा इतकी आळलेली असते, की पिंपाचा तुरटपणा आणि खर्र्याचा तुरटपणा वेगळा काढता येत नाही. दोन व्हिस्कींच्या मध्ये बिनमिठाची ज्वारीची भाकरी किंवा साधे मुरमुरे आणि पाणी पुरेसे असते.

नाकाचे काम

रंगावर फार वेळ घालवू नये. स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालण्याची मुभा आहे, त्यामुळे गडद रंग हा जुनेपणाचा पुरावा ठरत नाही. पेल्याच्या काचेवरून उतरणाऱ्या धारा टक्केवारी आणि दाटपणा यांची थोडी कल्पना देतात, प्रतीची देत नाहीत.

पारखीचा निम्म्याहून अधिक भाग नाकात आहे. ओतल्यानंतर पेला दहा मिनिटे तसाच ठेवावा. मग तो प्रथम छातीजवळ, नंतर हनुवटीजवळ आणि अखेरीस ओठांजवळ आणावा, तोंड किंचित उघडे ठेवावे आणि लहान, हलके श्वास घ्यावेत. नाक पेल्यात खुपसून दीर्घ श्वास घेतला तर पुढील दोन मिनिटे काहीच कळत नाही. पेला जोरात फिरवू नये. त्याने अल्कोहोलच अधिक उठते. दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या वापरून पाहाव्यात, कारण बहुधा त्यातील एकच मोकळी असते. नाक थकले तर स्वतःच्या मनगटाची त्वचा हुंगावी आणि मिनिटभर थांबावे.

आता शब्दांकडे येऊ. एडिंबरामधील पेंटलँड्स स्कॉच व्हिस्की रिसर्च या संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हिस्कीच्या गंधांचे चक्र तयार केले, आणि धान्य, फळे, फुले, लाकूड, धूर, गंधक, तेलकटपणा अशी कुळे त्यातून रूढ झाली. कुळे तीच ठेवावीत, पण प्रत्येक कुळातील उदाहरणे आपल्या घरातील आणि शिवारातील घ्यावीत. धान्याच्या कुळात भिजवलेली ज्वारी, तव्यावरची भाकरी, हुरडा आणि भाजलेली फल्ली. फळांच्या कुळात फार पिकलेले केळ, पेरू, सीताफळ, आणि नागपुरी संत्र्याच्या सालीचे, नखाने दाबताच उडणारे तेल. संत्र्याचा रस आणि सालीचे तेल हे दोन निराळे वास आहेत आणि व्हिस्कीत बहुधा दुसरा आढळतो. पहाटे झाडाखाली पडलेल्या मोहफुलांचा गोड, मादक, किंचित आंबूस वास ज्याच्या परिचयाचा आहे, त्याला काही फळाळ माल्टमधील आंबवणाची खूण इतरांआधी सापडते. लाकडाच्या कुळात ताजा कापलेला सागवान, जुने देवघर, सुके खोबरे, दालचिनी. शेरीच्या बाजूला चिंचेचा कोळ, काकवी, मनुका, खारीक.

धुराच्या कुळात विशेष काळजी घ्यावी. रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजताना येणारा धूर, तुरीच्या तुराट्यांचा धूर आणि चुलीवरच्या दुधाला लागलेला धूर हे तिन्ही आपल्याला वेगळे ओळखता येतात, आणि त्या क्षमतेचा येथे थेट लाभ होतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील पीटमध्ये याशिवाय रस्त्यावर ओतल्या जाणाऱ्या गरम डांबराचा, दवाखान्यातील जंतुनाशकाचा आणि आयोडिनचा अंश असतो. नुसते ‘धुरकट’ असे लिहिणे म्हणजे नोंद अर्धवट सोडणे होय. गंधकाच्या कुळात विझलेली काडी, उकडलेले अंडे, हिंग. हा वास किंचित असेल तर गंधाला खोली देतो, ठळक असेल तर दोष समजावा.

या शब्दांची तालीम व्हिस्कीशिवाय करावी. दहा-बारा छोट्या काचेच्या डब्यांत लवंग, संत्र्याची साल, गूळ, सुके मोहफूल, सागाचा भुसा, जवस, खोबरे, ओल्या पोत्याचा तुकडा, चामड्याची पट्टी, गोवरीची राख असे जिन्नस घालावेत आणि घरातील कोणालातरी डोळे मिटून बसलेल्या आपल्यासमोर ते एकेक धरायला सांगावे. पहिल्या वेळी परिचित वासही नावानिशी आठवत नाही, याने खचू नये. वास ओळखणे आणि त्याचे नाव सापडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे केवळ सरावाने येते.

घोट, रेंगाळणारी चव आणि पाणी

पहिला घोट तोंडाला सवय होण्यासाठी असतो, त्यावर काहीही लिहू नये. दुसरा घोट लहान घ्यावा, दहा सेकंद जिभेच्या टोकापासून मुळापर्यंत फिरवावा आणि क्रमाने पाहावे : आधी गोड काय आले, मग आंबट, मग मसाला, मग कडू व तुरट. तुरटपणाची पातळी लिहिताना कच्चे जांभूळ आणि हिरडा ही दोन टोके मनात ठेवावीत. दाटपणा स्वतंत्र नोंदवावा. काही व्हिस्की पाण्यासारखी पातळ वाटते, काही जवसाच्या तेलासारखी जिभेवर पसरते.

गिळल्यावर किंवा थुंकल्यावर घड्याळ पाहावे. रेंगाळणारी चव किती सेकंद टिकली, याइतकेच ती कशात बदलली हेही महत्त्वाचे आहे. दीर्घ काळ टिकणारा कडवटपणा हा गुण वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही.

यानंतर पाणी. स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपांच्या साहाय्याने दाखवले, की ग्वायकॉल हा धुराशी संबंधित गंधरेणू ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतो, तर ५९ टक्क्यांच्या वर तो आत ओढला जातो. म्हणजे कडक व्हिस्कीत पाणी घातल्यावर गंध खुलतो, या जुन्या अनुभवाला आधार आहे. किती घालायचे, याचे गणित सोपे आहे : आताच्या टक्केवारीला हव्या असलेल्या टक्केवारीने भागावे, एक वजा करावा आणि पेल्यातील मापाने गुणावे. ६० टक्क्यांचे १५ मि.ली. ४५ टक्क्यांवर आणायला ५ मि.ली. पाणी लागते, ४० टक्क्यांवर आणायला ७.५ मि.ली. औषधाच्या दुकानातील बिनसुईची सिरिंज या कामाला उत्तम. पाणी एकदम न घालता दोन टप्प्यांत घालावे आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा हुंगावे. ४६ टक्क्यांखाली आल्यावर द्रव किंचित ढगाळ झाला तर घाबरू नये. थंड गाळणी न केलेल्या व्हिस्कीतील तेले व मेदाम्ले त्याला कारण असतात.

गुण

रूढ पद्धतीत गंध, चव, रेंगाळणारी चव आणि तोल यांना प्रत्येकी २५ असे १०० पैकी गुण दिले जातात. मीही हीच विभागणी वापरतो, परंतु तिच्यात एक धोका आहे. सगळ्याच बाटल्या हळूहळू ८४ ते ८८ मध्ये गोळा होतात आणि आकडा अर्थहीन होतो. यावर उपाय मापाच्या बाटलीचा. कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर जसा ठरलेल्या नमुन्याशी ताडून प्रत लावतो, तसे आपणही सहज आणि नेहमी मिळणारी एक व्हिस्की निवडून तिला कायमचे ८० गुण द्यावेत, आणि प्रत्येक बैठकीत तिचा एक पेला नाव झाकून ठेवावा. त्या दिवशी तिला ८४ पडले तर हात सैल आहे, ७६ पडले तर सर्दी किंवा उष्मा आडवा आला आहे, आणि फरक तीनांहून अधिक असल्यास त्या दिवसाचे सर्वच गुण रद्द करावेत. मापाच्या बाटलीपेक्षा जी निर्विवाद चांगली, ती ८५. जिच्यासाठी पुन्हा नागपूरपर्यंत जावे, ती ९०. पंचाहत्तराखाली गेलेल्या व्हिस्कीत नेमका दोष लिहिता आला पाहिजे.

नाव झाकण्याचे काम न चाखणाऱ्या माणसाकडे द्यावे. त्याने पेल्यांच्या बुडाला क्रमांक चिकटवावेत आणि यादी स्वतःजवळ ठेवावी. मधूनमधून त्रिपेल्याची परीक्षाही घ्यावी : तीन पेल्यांत दोन एकाच व्हिस्कीचे आणि एक दुसरीचा. वेगळा पेला ओळखता आला नाही, तर त्या दोन व्हिस्कींना वेगळे गुण देण्याचा अधिकार आपल्याला नाही. केवळ अंदाजानेही तीनातून सरासरी एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ही परीक्षा चार-पाच वेळा करून पाहावी.

बैठकीत सर्वांनी गुण लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये. आपल्याकडे वयाने मोठा माणूस बोलला की बाकीचे मान डोलावतात, म्हणून थोरल्यांना आदरानेच विनंती करावी, “दादा, तुमचं सगळ्यांत शेवटी सांगा.” गुणांची सरासरी काढण्यापेक्षा ते उतरत्या क्रमाने लिहून मधला आकडा घ्यावा, म्हणजे एखाद्याच्या टोकाच्या मताने निकाल हलत नाही. किंमत गुणांत कधीही मिसळू नये. ती वहीत वेगळ्या रकान्यात लिहावी.

नोंद कशी दिसावी, याचा नमुना देतो. “अमृत फ्यूजन, ५० टक्के, भारतीय बार्ली व धुरावलेली स्कॉटिश बार्ली. माघ, संध्याकाळ, द्रव २० अंश, बाटली दोनतृतीयांश भरलेली. गंध : संत्र्याच्या सालीचे तेल, गूळ, मागे तुराट्यांचा विझता धूर, पाणी न घालता जळजळ मध्यम. चव : काकवी, भाजलेली फल्ली, मिरे, मग कच्च्या जांभळाइतका तुरटपणा, दाट. रेंगाळणारी चव : ४५ सेकंद, गोडाकडून राखेकडे. ४५ टक्क्यांवर : धूर पुढे, गूळ मागे, फळ खुलले. गंध २२, चव २२, रेंगाळ २१, तोल २१, एकूण ८६. मापाची बाटली त्या दिवशी ८१.” तापमान, बाटलीतील पातळी आणि मापाच्या बाटलीचे गुण या तीन नोंदी गाळल्या, तर पुढच्या वर्षी ८६ या आकड्याला विचारण्यासारखे काही उरत नाही.

प्रत्येक बाटलीला तीनदा गुण द्यावेत : उघडल्यावर, निम्मी झाल्यावर आणि तळाशी आल्यावर. बाटली उभीच ठेवावी, कारण कडक अल्कोहोल बुचाला खाते. जागा घरातील सर्वांत थंड, अंधारी आणि पत्र्याच्या छपरापासून दूरची असावी. एकतृतीयांश उरली की ती लहान बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी, अन्यथा वैशाखाच्या उन्हाळ्यात आतली हवा फुगत-आकसत राहते, गंध उडून जातो, आणि तिसरे गुण व्हिस्कीच्या प्रतीऐवजी साठवणुकीच्या चुकीचे पडतात.